फिट नसतानाची भीती

अपस्माराची मोठी फिट साधारण एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर ती आणीबाणी असते, पण बहुतेक वेळा तेवढी वेळ येत नाही. वर्षातून तीन फिट येणाऱ्या माणसाचा आजार घड्याळ लावून मोजला, तर वर्षभरात दहा मिनिटेही भरणार नाहीत. तरी हा माणूस वर्षभर बाथरूमची कडी आतून लावत नाही. फलाटावर गाडीची वाट पाहताना तो भिंतीला टेकून उभा राहतो. लग्नकार्यात दाराजवळची खुर्ची धरतो, आणि पुढे पुढे लग्नकार्यांना जाणेच सोडतो. कामाच्या ठिकाणी बढती नाकारतो, कारण नव्या जागी आपल्या आजाराबद्दल कोणालाच माहिती नसते. फाइलमध्ये मात्र ‘फिट नियंत्रणात’ अशी नोंद होते.

या उरलेल्या वर्षाकडे वैद्यकशास्त्राने फार उशिरा लक्ष दिले. त्यासाठी आता आभासी वास्तवाचा, म्हणजे डोळ्यांवर लावायच्या व्हीआर हेडसेटचा वापर करून पाहिला जात आहे. कॅनडातील टोरांटो येथे लोरा ॲपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यॉर्क विद्यापीठ आणि युनिव्हर्सिटी हेल्थ नेटवर्क या संस्थांच्या आधाराने याच विषयाचा तीन टप्प्यांचा अभ्यास आखला. तो आकाराने लहान आहे. पण त्यातून निघणारे प्रश्न मोठे आहेत आणि अपस्मार असलेल्या प्रत्येक घराशी त्यांचा संबंध आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार आहे. भारतातला आकडा एक कोटीच्या पुढे धरला जातो. योग्य निदान झाले आणि औषधे नियमित घेतली तर यांतल्या सुमारे 70 टक्के लोकांच्या फिट पूर्ण थांबू शकतात. आजाराच्या मानाने ही फार चांगली बातमी आहे. पण फिट थांबल्या म्हणून भीती थांबतेच असे नाही. 2017 साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात अपस्मार असलेल्या दर पाच जणांपैकी एकाला उपचारांची गरज असलेला चिंताविकार आढळला. नैराश्याचे प्रमाणही जवळपास तेवढेच होते.

ही चिंता सगळ्यांची एकसारखी नसते, आणि उपचार ठरवताना हा फरक निर्णायक ठरतो. काही जणांना भीती वाटते ती फिटचाच भाग म्हणून. मेंदूच्या कानशिलाकडच्या भागात, भीतीचे केंद्र असलेल्या अमिग्डलाच्या आसपास विजेचा गोंधळ सुरू झाला, की काही कारण नसताना छातीत धस्स होते. हे काही सेकंद ते एक-दोन मिनिटे टिकते आणि दरवेळी अगदी तसेच घडते. यावर समुपदेशन नव्हे, फिटचे औषध लागते. काहींना फिट येऊन गेल्यावर तास-दोन तास, कधी दिवसभर, अस्वस्थ वाटते. लेव्हेटिरॅसिटामसारख्या उत्तम औषधानेही काही रुग्णांची चिडचिड आणि बेचैनी वाढते, तेव्हा आधी औषधाचाच विचार करावा लागतो. हे सगळे वगळल्यावर उरते ती दोन फिटच्या मधल्या काळातली भीती. कोरालीन हिंग्रे या फ्रेंच मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये तिची वेगळी मांडणी केली. पुढची फिट कधी येईल याची सतत धास्ती, फिटच्या भयाने जागा आणि कामे टाळणे, चारचौघांत फिट येऊन शोभा होईल ही लाज, आणि या सगळ्यातून येणारे घबराटीचे झटके, अशी ती रूपे आहेत. टोरांटोचा प्रयोग या भीतीसाठी आहे.

ही भीती नुसती मनाला छळून थांबत नाही. तिने झोप मोडते, आणि अपुरी झोप हे फिट येण्याचे एक ओळखीचे कारण आहे. घराबाहेर चारचौघांत गोळी काढायची लाज वाटली की डोस चुकतो. मग फिट येते आणि तिने भीती खरी ठरते. बऱ्याच रुग्णांच्या स्वतःच्या अनुभवात ताण हेच फिटचे पहिले कारण असते. त्यामुळे चिंतेवरचा उपचार हा अपस्मारावरच्या उपचाराला जोडलेला शोभेचा तुकडा नाही, तो त्याच उपचाराचा भाग आहे.

आभासी वास्तवाने भीतीवर उपचार करण्याची मुळे जुनी आहेत. दक्षिण आफ्रिकेचे मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी 1950 च्या दशकात एक पद्धत रूढ केली. रुग्णाने आपल्या भीतीची उतरंड लिहून काढायची, सर्वांत सोप्या पायरीपासून सुरुवात करायची, आणि मन शांत होईपर्यंत तिथेच टिकायचे. टाळाटाळ केली की क्षणभर सुटका वाटते, पण भीती तिथेच राहते आणि मुरते. सामोरे गेले, पळून न जाता थांबले, तर चिंता चढते आणि उतरतेही, आणि हे उतरणे मेंदू लक्षात ठेवतो. अडचण होती ती प्रसंग मिळवण्याची. उंचीची भीती असलेल्या माणसाला रोज गच्चीवर कोण नेणार, आणि विमानाची भीती असलेल्याला दर आठवड्याला तिकीट कोण काढून देणार? 1995 मध्ये अमेरिकेत अटलांटा येथे मानसशास्त्रज्ञ बार्बरा रॉथबॉम आणि संगणकतज्ज्ञ लॅरी हॉजेस यांनी उंचीच्या भीतीवर संगणकाने उभ्या केलेल्या पुलांचा आणि काचेच्या लिफ्टचा उपयोग केला आणि त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दृश्य खोटे आहे हे रुग्णांना माहीत असते, तरी त्यांचे तळवे घामेजतात. उपचाराला तेवढे पुरेसे असते.

या मार्गावरचा अलीकडचा भक्कम पुरावा ब्रिटनमधला आहे. ऑक्सफर्डचे डॅनिएल फ्रीमन यांच्या ‘गेमचेंज’ या चाचणीत सायकोसिस, म्हणजे वास्तवाचे भान सुटणारा मानसिक आजार, असलेले 346 रुग्ण होते. घराबाहेर पडण्याच्या भीतीने त्यांचे आयुष्य आक्रसले होते. हेडसेटमध्ये बस, रस्ता, दुकान, कॅफे, पब आणि डॉक्टरांची वेटिंग रूम अशी नेहमीची ठिकाणे होती, आणि रुग्णाला धीर देत पुढे नेणारी एक आभासी प्रशिक्षिकाही होती. 2022 मध्ये निकाल आले. ज्यांची भीती सर्वांत तीव्र होती आणि जे घराबाहेर पडतच नव्हते, त्यांना सर्वाधिक लाभ झाला. अपस्मारात घरी बसलेल्या माणसांचा विचार करताना या निष्कर्षाचे महत्त्व कळते, कारण दोन्हीकडे दारे बंद होतात ती अशाच ठिकाणांची.

टोरांटोच्या अभ्यासाचे आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते त्याचे पहिले पाऊल. हेडसेट हातात घेण्याआधी संशोधकांनी प्रश्नावल्या आणि गटचर्चांतून अपस्मार असलेल्या माणसांना आणि त्यांच्या जवळच्यांना विचारले, की तुम्हाला नेमकी कुठे आणि कशाची भीती वाटते? सार्वजनिक जागांची आणि लोकांत मिसळण्याच्या प्रसंगांची भीती अनेकांनी सांगितली. इजा होईल, वेळेवर मदत मिळणार नाही, भोवती अनोळखी माणसे फार असतील, गोंगाट आणि प्रकाश असह्य होतील, औषधाची वेळ चुकेल, ही कारणे पुन्हा पुन्हा आली. पण आधी जिथे फिट आली होती त्या जागेची भीती ज्याची त्याची, अगदी खासगी होती. अशा जागेचे तयार दृश्य कोणी बनवून ठेवू शकत नाही. म्हणून पुढच्या टप्प्यात भुयारी रेल्वे, मॉल, पार्टी असे सर्वांना लागू पडतील असे प्रसंग निवडून त्यांच्या सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्या करण्यात आल्या. आधी मोकळी जागा, मग थोडी माणसे, मग गर्दी, अशा चढत्या क्रमाने. तिसऱ्या टप्प्यात रुग्णांनी घरच्या घरी रोज काही मिनिटे हा सराव करायचा, अशी आखणी होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण या उपचाराचा खरा कस तिथेच लागतो. कोळ्याची किंवा लिफ्टची भीती बरी करताना उपचारकर्ता निर्धास्तपणे सांगू शकतो, की थांब, काही होणार नाही. अपस्मारात हे वाक्य खोटे ठरू शकते. फिट खरोखर येऊ शकते. ती पाण्यात, जिन्यावर किंवा रुळांच्या कडेला आली तर जिवावर बेतू शकते. अपस्मार असलेल्या दर हजार प्रौढांमागे वर्षाला सुमारे एक जण अचानक, अन्य कारण न सापडता दगावतो. हे रुग्णापासून लपवावे असे आम्हाला वाटत नाही. ज्याला आपली भीती निराधार नाही हे ठाऊक आहे, त्याला ती निराधार असल्याचे पटवू पाहणारा उपचार पहिल्याच आठवड्यात त्याचा विश्वास गमावेल.

मग हेडसेट लावून काय शिकायचे? एक तर चिंता आणि फिट यांतला फरक. छाती धडधडणे, हातापायांना मुंग्या येणे, डोके हलके होणे ही घबराटीची लक्षणे अनेकांना फिटची चाहूल वाटतात. मग ती आली म्हणून घाबरणे आणि घाबरल्यामुळे ती वाढणे असे चालू राहते. आभासी गर्दीत ही लक्षणे चढतात, दहा मिनिटांत उतरतात आणि फिट येत नाही. हा अनुभव पुन्हा पुन्हा घेतला की शरीराचे संकेत ओळखता येतात. दुसरे, गर्दी म्हणजे फिट असे जे समीकरण एका वाईट दिवसाने मनात बसवलेले असते, ते सैल होते. आणि तिसरे, आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे फिट आलीच तर काय, याची तयारी. शेजारच्या अनोळखी माणसाला ‘मला अपस्मार आहे, फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका’ हे सांगण्याचा सराव हेडसेटमध्ये करता यायला हवा. शुद्धीवर आल्यावर भोवती जमलेले चेहरे पाहून उठण्याचाही सराव व्हायला हवा. लाजेवरचा उपचार त्या प्रसंगापर्यंत गेल्याशिवाय पुरा होणार नाही.

यासाठी आधी रुग्णाने टाळलेल्या गोष्टींची यादी घेऊन बसावे लागते. एकट्याने पोहणे, शिडीवर चढणे, फिट थांबलेल्या नसताना गाडी चालवणे ही खबरदारी आहे आणि ती राहिलीच पाहिजे. कॉलेज, बाजार, नाटक, भावाचे लग्न, नोकरीची मुलाखत सोडणे ही खबरदारी नव्हे, ती भीतीने केलेली कपात आहे. रेघ कुठे ओढायची हे फिटच्या प्रकारावर, त्यांच्या वेळेवर, चाहूल लागते की नाही यावर अवलंबून असते. म्हणून हे काम एकट्या मानसोपचारतज्ज्ञाचेही नाही आणि एकट्या न्यूरॉलॉजिस्टचेही नाही. दोघांनी एकत्र बसून ती यादी तपासली नाही, तर हेडसेट कितीही चांगला असला तरी सराव चुकीच्या गोष्टीचा होईल.

आता सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न. चमकणाऱ्या पडद्यामुळेच फिट आली तर? या शंकेला इतिहास आहे. 16 डिसेंबर 1997 च्या संध्याकाळी जपानमध्ये पोकेमॉन मालिकेच्या एका भागात लाल-निळ्या रंगांची झपाट्याने उघडझाप दाखवली गेली आणि त्या रात्री सुमारे 700 जणांना रुग्णालयांत न्यावे लागले. यांत बहुतांश मुले होती. प्रकाशाच्या अशा उघडझापेने फिट येण्याची प्रवृत्ती अपस्मार असलेल्यांपैकी सुमारे 3 टक्के लोकांत असते, मुलांत आणि किशोरवयात अधिक. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढताना दिव्याची उघडझाप करून ती तपासता येते. म्हणजे धोका कोणाला आहे हे बरेचसे आधी कळू शकते. उपचारासाठीच्या दृश्यांत उघडझाप, तीव्र पट्टे आणि झपाट्याने बदलणारे रंग टाळता येतात. खेळांसाठी बनवलेला व्हिडिओ आणि उपचारासाठी बनवलेला व्हिडिओ यांत हा फरक करायलाच हवा. अपस्मार असलेल्या तरुणाने मित्राचा हेडसेट लावून एखादा नेमबाजीचा खेळ खेळणे म्हणजे हा उपचार नव्हे.

आमच्या मते कमी बोलल्या जाणाऱ्या दोन अडचणी अधिक नाजूक आहेत. हेडसेटमध्ये डोळ्यांना हालचाल दिसते आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण स्थिर बसलो आहोत. या विसंगतीने काही जणांना मळमळते, गरगरते. निरोगी माणूस हेडसेट काढून पाणी पितो. अपस्मार असलेल्या माणसाला तेच गरगरणे फिटची सुरुवात वाटते, आणि उपचारानेच भीती वाढते. म्हणून सत्र छोटे हवे, खुर्चीत बसून हवे, आणि सुरुवातीला घरातले कोणीतरी जवळ हवे. दुसरी अडचण श्वासाची. घबराटीच्या विकारात काही उपचारकर्ते रुग्णाला मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, म्हणजे ती संवेदना ओळखीची होते. अपस्मारात हे विचार न करता करता येत नाही. ईईजीच्या खोलीत फिट उमटवण्यासाठी तीन मिनिटे खोल श्वास घ्यायला सांगतात ते उगाच नव्हे. चिंताविकाराचे ठरलेले पाठ जसेच्या तसे इथे उचलले, तर असे अपघात होतील.

पुराव्याचे पारडे कुठे आहे हेही सांगायला हवे. उंचीची, विमानाची, कोळ्यांची भीती, सैनिकांचे युद्धोत्तर आघात यांवर आभासी वास्तवाचा उपयोग होतो हे तीस वर्षांच्या कामातून बऱ्यापैकी प्रस्थापित झाले आहे. अपस्माराच्या बाबतीत टोरांटोचा शेवटचा टप्पा हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच रुग्णांसाठी आखला होता. हा उपचार घरी करता येतो का, सहन होतो का, इतके पाहायला तेवढे पुरते. भीती किती कमी होते, ती कमी झालेली टिकते का, फिटच्या संख्येवर परिणाम होतो का, याची उत्तरे शेकडो रुग्णांच्या, तुलनेसाठी दुसरा गट असलेल्या चाचणीतूनच मिळतील. तोवर कोणी क्लिनिकच्या पाटीवर ‘व्हीआरने फिटची भीती घालवा’ असे लिहिले, तर तो रुग्णांवर अन्याय होईल. साध्या बोलण्यावर आधारलेल्या वर्तन-उपचाराचा अपस्मारातला अनुभव याहून जास्त आहे, आणि त्याला कोणतेही यंत्र लागत नाही.

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा का करायची, तर इथे भीतीला कुटुंबाने आणि समाजाने आणखी थर चढवले आहेत. अपस्मार हे विवाहाच्या वैधतेवर आक्षेप घेण्याचे कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात होते. ते 1999 च्या दुरुस्तीने काढले गेले. कायदा बदलून पाव शतक लोटले, तरी मुलीच्या गोळ्या सासरी लपवून ठेवण्याचा सल्ला आई-मावशीकडून अजूनही मिळतो, आणि लपवलेल्या गोळीचा डोस चुकतोच. फिट आलेल्या माणसाच्या नाकाशी चप्पल किंवा कांदा धरणारे हात अजून पुढे येतात. शुद्धीवर येताना नाकाशी चप्पल आणि भोवती गर्दी, हा अनुभव घेतलेल्या माणसाची लोकांसमोर फिट येण्याची भीती टोरांटोच्या माणसाच्या भीतीहून वेगळी असणारच. म्हणून तिथली दृश्ये इथे आणून भागणार नाही. इथे दादरच्या पुलावरची सकाळी नऊची गर्दी, एसटीतली मधली सीट, मंगल कार्यालयातली पंगत, दहावीच्या परीक्षेचे दालन हवे. त्याहून आधी इथल्या रुग्णांना बसवून विचारायला हवे, की तुम्ही काय काय सोडले? पुण्यामुंबईत अपस्मार असलेल्या माणसांचे आणि पालकांचे आधारगट काम करत आहेत. हे विचारणे त्यांच्यापासून सुरू करता येईल, आणि त्यासाठी एकाही हेडसेटची गरज नाही.

डॉक्टरांच्या ओपीडीत आज पहिला आणि अनेकदा एकमेव प्रश्न असतो, ‘गेल्या वेळेपासून किती फिट आल्या?’ खोलीबाहेर रांग असते, आम्हाला त्याची जाणीव आहे. पण चिंतेची चाचपणी करणारी सात प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरात आहे. ती रुग्ण बाहेर बाकावर बसल्या बसल्या भरू शकतो, आणि तिचे गुण परिचारिका मिनिटभरात मोजू शकते. तिच्यात आठवा प्रश्न जोडावा, असे आम्ही सुचवतो: फिटच्या भीतीने या महिन्यात तुम्ही कुठे जाणे टाळले? ज्याचे उत्तर लांबलचक असेल त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. ज्या गावात तो नाही तिथे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यावा. वैद्यकीय महाविद्यालयांच्या न्यूरॉलॉजी आणि मानसोपचार विभागांनी मिळून हे उत्तर वर्षभर नोंदवले, तर इथल्या पहिल्या चाचणीसाठी कोणती दृश्ये चित्रित करायची, याची यादी रुग्णांच्याच शब्दांत तयार होईल.